स्कॅनर लागत नाही म्हणून ईसीएम बदलताय? आधी फ्युज बघा की

सध्या सोलापूरच्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. जुन्या पिकअपला स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचायचं मशीन) लावला आणि लागला नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला समजा, दुसरा टाका. स्कॅनरच्या सॉकेटला फ्युज नसतोच. कुठला फ्युज बघायचाच असेल तर काढून बघा, आतली तार दिसली की चांगला. आणि सारखा उडत असेल तर एक नंबर मोठा टाका, कटकट मिटली. खाली पन्नास अंगठे.

ईसीएमचं आधी घेऊ कारण खिसा तिथंच कापला जातोय. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टर कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएमच ठरवतो, तो खरंच मेला तर तुम्ही सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवाल पण गाडी काय सुरू होणार नाही. मग मोहोळहून कांदा भरून मार्केट यार्डात स्वतःच्या पायानं आलेल्या गाडीचा ईसीएम मेला कसा काय बे? स्कॅनर "लागत नाही" म्हणजे नक्की काय ते विचारा. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर ईसीएमचा संबंधच नाही, कारण 16 पिनच्या सॉकेटात 16 नंबरच्या पिनवर थेट बॅटरीचा प्लस येतो, चावी बंद असली तरी, आणि 4 व 5 नंबरवर अर्थिंग, म्हणजे मायनस. मल्टिमीटर 16 आणि 4 मध्ये लावा, बारा व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर फ्युज बॉक्सकडं चला. (काही स्कॅनरना स्वतःची बॅटरी असते, त्यांची स्क्रीन लागली म्हणून सॉकेट जिवंत आहे असं समजू नका, इथं भलेभले फसतात.)

दिवा लागतोय पण लिंक होत नाही, ही केस वेगळी. तेव्हा कॅनवाल्या (दोन वायरींच्या डेटा लाईनवर बोलणाऱ्या) गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून 6 आणि 14 पिनमध्ये ओहम मोजा, साधारण 60 आले तर लाईन ठीक. त्याहून जुन्या गाड्या बऱ्याचदा 7 नंबरच्या पिनवर बोलतात, त्यांना हा हिशोब लागू नाही. ईसीएम जातच नाही असं माझं म्हणणं नाही, पाणी शिरलं तर जातो. पण तो शेवटचा संशय, पहिला नाही. त्यात दुसरा ईसीएम टाकला तर इमोबिलायझरच्या (चावी ओळखल्याशिवाय सुरू न होणाऱ्या) गाडीत चावीचं कोडिंग वेगळं, म्हणजे खर्चावर खर्च. आणि मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डीआय पिकअपला तर ईसीएमच नाही, तिथं हा मेसेज पाठवणाऱ्याला दंडवत.

"सॉकेटला फ्युज नसतो" हे कुठून आलं ते मला कळतंय. फ्युज बॉक्सच्या झाकणावर ओबीडी (स्कॅनरच्या सॉकेटचं नाव) असं लिहिलेलं सापडत नाही म्हणून. पण बऱ्याच गाड्यांत हा प्लस सिगारेट लायटरच्या, नाहीतर हॉर्न, टेप, आतल्या लाईटच्या फ्युजवरूनच घेतलेला असतो, अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड आणि शेवरलेट पिकअपमध्येसुद्धा लायटरचा फ्युज उडाला की स्कॅनर मुका होतो हे तिकडच्या मेकॅनिकांना पाठ आहे. तुमच्या मॉडेलचा कुठला ते मॅन्युअलमध्ये बघा, मॅन्युअल नसेल तर ड्रायव्हरला एवढंच विचारा, "मामा, मोबाईल चार्ज होतोय का?" नाही म्हणाला की निम्मं काम झालं. लायटरच्या सॉकेटात टॉर्च मारा. स्वस्तातल्या चार्जरचं टोक तुटून स्प्रिंगसकट आतच राहिलेलं असतं, ती स्प्रिंग मधल्या पिनवरून आडवी होऊन बाजूच्या पत्र्याला टेकते, खड्ड्यात गाडी आपटली की फट् करून फ्युज उडतो. चावी बंद करून, फ्युज काढून मगच ते चिमट्यानं बाहेर ओढा.

आता काढून बघायचं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तार पायाजवळ केसाएवढी तडकलेली असली तर बाहेरून दिसतच नाही. ब्लेड फ्युजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात ते ह्याच्यासाठीच. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या कोऱ्या बोल्टला लावा, रंगावर नाही, आधी बॅटरीच्या प्लसला टेकवून लॅम्प पेटतो का बघा आणि मग दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडं पेटला, फ्युज चांगला. एकीकडंच पेटला, उडालाय. दोन्हीकडं नाही पेटला तर चावी ऑन करून परत बघा, तरी नाही तर मागून सप्लायच येत नाही. फ्युज न काढता सगळा बॉक्स पाच मिनिटांत तपासून होतो.

मोठा फ्युज टाका म्हणणाऱ्याला तर काय बोलावं. फ्युज वायर वाचवायला असतो, 10 चा लाल काढून 30 चा हिरवा टाकला की जळायचं काम वायर करते, आणि ती जळते डॅशबोर्डच्या आत, सोबत दहा वायरींना घेऊन. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे पण ह्यातच आले. जेवढ्या अँपिअरचा झाकणावर लिहिलाय तेवढाच टाका, आधीच कुणीतरी चुकीचा टाकलेला असू शकतो म्हणून निघालेल्या फ्युजचा रंग बघून नवा घेऊ नका.

आणि नवा पण लगेच उडाला तर फ्युज जाळत बसू नका. फ्युजच्या जागी दोन वायरी घालून इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटेल आणि पेटलेला राहील. मग चार्जर, टेप, स्टेअरिंगखाली कुणीतरी टेप गुंडाळून जोडलेली जीपीएसची वायर, एकेक काढत जा, हार्नेस (वायरींचा गठ्ठा) हलवत जा. जिथं बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो तिथंच गडबड आहे.