नोटीस दिली म्हणजे झालं का?
लेखात म्हटलंय की मुलांना आधी पुरेशी नोटीस दिली आणि परत परत बसायची संधी दिली की अमेरिकेतल्या राज्याची ग्रॅज्युएशन एक्झाम, म्हणजे हायस्कूलचा डिप्लोमा मिळायला पास व्हावी लागणारी परीक्षा, कायदेशीर ठरते, पण मुख्य अटच राहिली ना! फ्लोरिडाच्या डेब्रा पी. केसमध्ये 1981 साली कोर्टाने स्पष्ट सांगितलं, जे विचारताय ते वर्गात शिकवलं होतं हे राज्याने दाखवायला हवं, नाहीतर डिप्लोमा अडवता येणार नाही.

आम्ही टेक्सासला असतो, इथे पाच पेपर पास व्हावे लागतात, त्यात बायोलॉजी पण. माझ्या भाचीचे बायोलॉजीचे सर मध्येच सोडून गेले, मग तीन महिने रोज वेगळा सब्स्टिट्यूट, वर्कशीट वाटायचा नि खुर्चीत बसायचा. पोरगी रात्री एकटी पुस्तक घेऊन रडायची. नोटीस तिलाही मिळालीच होती हो, शिकवलं कोणी?