दहा रुपयांत होणाऱ्या जावयाचं सर्विस बुक? थांबा जरा

आधी इंदूरच्या रामबागेच्या ग्रुपवर, मग लोकमान्य नगरच्या, मग माझ्या नणंदेच्या वधू-वर ग्रुपवर, एकाच दिवशी तिन्हीकडे तो मेसेज येऊन पडला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (आरटीआय म्हणजे माहितीचा अधिकार, सर्विस बुक म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींची वही). "सावधान पालकहो, मुलगा सरकारी असो की प्रायव्हेट, फक्त १० रुपयांची आरटीआय टाका, पगार, पीएफ, सर्विस बुक, सुट्ट्या, खात्याची चौकशी सगळं ३० दिवसांत घरपोच. कारण सांगावं लागत नाही, मुलाला कळतही नाही, सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे." आणि खाली एक मोबाईल नंबर, अर्ज भरून मिळेल, फीस ५०० रुपये.

मी इंदूरच्याच एका सरकारी दफ्तरात स्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांचे नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत, बावीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं हे आरटीआयचे अर्ज माझ्याच टेबलवरून जायचे. म्हणून गप्प बसवत नाहीये.

१० रुपये बरोबर आहे. तेवढंच पूर्ण बरोबर आहे, आणि ते सुद्धा अर्जाचे, कॉपी मिळालीच तर पानाचे २ रुपये वेगळे.

कारण सांगावं लागत नाही हे पण कायद्यात आहे, कलम ६(२). पण लोक त्याचा अर्थ असा काढतात की कारण विचारत नाहीत म्हणजे नाही म्हणूच शकत नाहीत. अहो अर्ज घेणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं. दुसऱ्या माणसाची खाजगी माहिती मागायची असेल तर उलट तुम्हालाच दाखवावं लागतं की ह्यात जनतेचं काय हित आहे, आणि "आमची मुलगी त्याला द्यायची आहे" हे आईबापाचं हित झालं, जनतेचं नाही.

आता मुलाला कळत नाही म्हणतात, ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त हसू आलं. कलम ११ वाचा. माहिती तिसऱ्या माणसाची असेल, त्याने ती गोपनीय धरलेली असेल आणि अधिकारी ती द्यायचा विचार करत असेल, तर ५ दिवसांत त्या माणसाला लेखी नोटीस जाते आणि त्याला १० दिवस मिळतात हरकत घ्यायला. आमच्याकडे तर नोटीसला अर्जाची झेरॉक्सच जोडायचे. एकदा असाच अर्ज आला, आमच्याच शाखेतल्या एका बाबूच्या पूर्ण सर्विस बुकची कॉपी पाहिजे म्हणून. साहेबांनी नोटीस काढली, मीच टाईप केली, आणि बाबू माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचा तर शिपायाने नुसता हात लांब करून दिली. त्याने चहाचा ग्लास बाजूला ठेवला, वाचलं, खाली अर्जदाराची सही बघितली आणि म्हणाला, "मॅडम, ये तो मेरे होने वाले ससुरजी हैं." शाखेत एकदम शांतता. मग त्याने त्याच कागदाच्या मागे एका ओळीत हरकत लिहून दिली. लग्न झालं त्याचं त्याच वर्षी, पण दुसऱ्या मुलीशी.

आणि हो, अधिकाऱ्याला द्यायचीच नसेल तर तो नोटीस न काढताच नाकारतो, तेव्हा मुलाला कळत नाही खरं, पण तुम्हालाही काही कळत नाही.

३० दिवसांचं पण अर्धवट. तिसऱ्या माणसाला नोटीस गेली की ४० दिवस धरा. नकार आला की पहिलं अपील ३० दिवसांत करायचं, तिथेही नाही झालं की ९० दिवसांच्या आत दुसरं, राज्याच्या दफ्तराचं असेल तर भोपाळला सूचना आयोगात (म्हणजे माहिती आयोगात), पीएफ वगैरे केंद्राचं असेल तर दिल्लीला. तोवर मुलीचं लग्न होऊन बारसं उरकलेलं असेल.

आता तो सुप्रीम कोर्टाचा आदेश. आदेश आहे, पण बरोब्बर उलटा. गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय सूचना आयोग, ३ ऑक्टोबर २०१२. मजा म्हणजे माहिती मागितली होती पीएफ खात्यातल्याच एका एन्फोर्समेंट ऑफिसरची, त्याला मिळालेले मेमो, शो-कॉज, शिक्षेचे आदेश, इन्कम टॅक्स रिटर्न, मालमत्ता, आणि एवढंच नाही तर त्याच्या मुलाच्या लग्नात काय काय आहेर आला ते सुद्धा! कोर्टाने म्हटलं की कर्मचाऱ्याचं नोकरीतलं काम हा मुख्यतः तो आणि त्याचं खातं ह्यांच्यातला मामला आहे, आणि मोठं जनहित दाखवता येत नसेल तर ही खाजगी माहिती आहे. मग २०१७ मध्ये कॅनरा बँकेच्या केसमध्ये क्लार्क लोकांच्या पोस्टिंग-ट्रान्सफरची यादी मागितली होती, ती पण नाही दिली.

ज्यांनी कधी सर्विस बुक हातात घेतलं नाही त्यांना वाटतं त्यात फक्त पगार असतो. पहिलं पान उघडा, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, उंची, ओळखीची खूण (एकाचं मला अजून आठवतं, "दाहिनी भौंह पर चोट का निशान"), डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. पुढे नॉमिनी कोण, घरात कोण कोण, रजेचा हिशोब, आणि मोठी मेडिकल रजा असेल तर तीही. हे १० रुपयांत कोणालाही द्यायचं? मग तुमचं माझं पण दिलं असतं की.

आणि आता तर आणखी एक गोष्ट झाली आहे जी त्या मेसेजवाल्याच्या गावीही नाही. २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्याने आरटीआयचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी लिहिलेलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खाजगीपणात घुसणारी माहिती नाकारता येईल, आता सरळ "वैयक्तिक माहिती" एवढंच. जे संसदेला नाकारता येत नाही ते सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही अशी एक छान ओळ होती खाली, ती पण गेली. मला हे अजिबात पटलेलं नाही, कारण खोट्या सर्टिफिकेटवर लागलेल्याला पण आता हाच आडोसा मिळणार आणि आळशी बाबूला तर नकाराचा शिक्काच मिळाला. पण म्हणून "आता काहीच मिळत नाही" असा जो दुसरा मेसेज फिरतोय तो पण चूक आहे. कलम ८(२) जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर अधिकारी देऊ शकतो. आणि कलम ४ प्रमाणे प्रत्येक दफ्तराने आपल्या कर्मचाऱ्यांचा मासिक पगार स्वतःहून जाहीर करायचा असतो, अर्ज न करता. आपल्याकडे ग्रेडेशन लिस्ट, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठतेची यादी, निघते तिच्यात नियुक्तीची तारीख असते. सरकारी मुलाचं पद आणि वेतनमान माहीत असलं की बेसिक किती हे आमच्यासारखी कोणीही म्हातारी चहा होईपर्यंत सांगेल.

प्रायव्हेट कंपनीला तर आरटीआय लागूच नाही. पीएफचं दफ्तर सरकारी म्हणून तिथून मिळेल असं वाटतं, पण तिथे पैसे मुलाचे, खातं मुलाचं, म्हणजे ती पण खाजगीच माहिती. त्यांच्या साईटवर कंपनीचं नाव टाकून ती दर महिन्याला पीएफ भरते की नाही, किती लोकांचा भरते, ते मात्र दिसतं. त्याच्यावरून कंपनी खरी की नुसती पाटी एवढा अंदाज येतो. त्या मुलाची कुठली कुठली नोकरी झाली हे त्याच्या पासबुकात असतं, ते त्यालाच सरकारच्या उमंग ॲपवर उघडून दाखवायला सांगा, आणि बाबांनो ओटीपी मागू नका त्याच्याकडे.

बायकोचं वेगळं आहे, हे मुद्दाम लिहिते कारण ग्रुपवर दोघीतिघी अशा आहेत. नवरा पगार लपवत असेल तर २०१८ मध्ये आपल्याच मध्य प्रदेश हायकोर्टाने म्हटलंय की बायकोला नवऱ्याचा पगार जाणून घ्यायचा हक्क आहे, तिला तिसरी व्यक्ती म्हणून टाळता येणार नाही. तो निकाल जुन्या कलमावरचा आहे, म्हणून पोटगीची केस असेल तर आरटीआयच्या मागे न लागता कोर्टातच मागा, २०२० पासून दोघांनाही कमाई-मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं.

त्या ५०० रुपयेवाल्याला पैसे पाठवू नका. अर्ज साध्या कागदावर हिंदीत लिहायचा, मराठीत नाही चालत इथे. तुमच्या गल्लीतल्या नाल्याचा, नळाच्या लाईनीचा, तुमच्या स्वतःच्या पेन्शनचा असेल तर संध्याकाळी माझ्याकडे या, मीच लिहून देते, फीस एक प्लेट पोहे. होणाऱ्या जावयाचा मात्र लिहून देणार नाही.