प्रेरणास्थान

परवा मी प्रेरणास्थान झालो. मला न विचारता, उघड्या डोंगरधारेवर, भर उन्हात. माझं वय सत्तेचाळीस आहे, हे आधीच सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल.

धारेवर चालायला मला आवडतं. एकदा अंगावरचा चढ संपला की दोन्ही हातांना दरी, मधून पाऊलवाट आणि डोक्यावर काही नाही. काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही. झाड नाही, सावली नाही, आडोसा नाही. ("भरपूर पाणी प्या" असं बजावणारे जाणकार हा आडोशाचा विषय बरोब्बर टाळतात.) उंचीवर हवा गार असते, हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे माणूस म्हणतो, काय छान आहे! तेवढ्याच उंचीला अतिनील किरणं मात्र सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेली असतात. ते संध्याकाळी कळतं, कानांना हात लावल्यावर. टोपी घालावी, तर दरीतून वर येणारा वारा धारेपाशी दाटतो आणि नेमका तिथेच वेग घेतो. म्हणजे टोपी एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने काठी टेकायची, आणि नाक वाहत असेल तर वाहू द्यायचं.

पण ऊन-वारा परवडला. धारेवरची खरी अडचण माणसांची. जंगलवाटेवर कुणी चिकट भेटला तर एखाद्या वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबता येतं. धारेवर वाट एकच. मागून येणारा अर्धा तास आधीपासून दिसत असतो आणि त्यालाही आपण दिसत असतो.

मी तेव्हा एका लबाड शिखरावर उभा होतो. धारेवर अशी शिखरं असतात. चढ फुगीर असला की खरं टोक त्या फुगवट्यामागे दडतं, आणि जे दिसतं त्यालाच आपण शेवट समजून जीव काढतो. वर पोचलं की पुढे आणखी एक उभं. अशा क्षणी मी गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून, डोंगराबद्दल दोन शब्द बोलत होतो. एवढ्यात मागून आवाज आला, "काका, दमलात?"

वीस-बावीसचा मुलगा. मनगटावर भलंमोठं घड्याळ, छातीवर कॅमेरा, हातात मोबाईल.

"नाही. बघतोय."

"काय?"

खाली बघत होतो, त्यामुळे दाखवण्यासारखे फक्त बूट होते. "बूट," मी म्हणालो.

"भारी! हार्ट रेट किती आहे तुमचा?"

"चालू आहे."

त्याला हे फारच आवडलं. माझ्या बाजूला येऊन त्याने मोबाईल लांब धरला. "तर मित्रांनो, हे बघा, आपले काका! या वयात! आणि आपण लिफ्टची वाट बघतो!" मग माझ्याकडे वळून, "आमचे बाबा तर सोफ्यावरून उठत नाहीत."

"किती वय बाबांचं?"

"एकावन्न."

म्हणजे हिशेबाने मी खरंच काका निघालो. त्याला चुकीचं ठरवता येईना, हे जास्त झोंबलं.

तरी इथवर मी सहन केलं. मी निघालो, चार पावलं गेलो, तेवढ्यात तो ओरडला, "काका, एक मिनिट! शेवटचा चढ परत एकदा घेता का? मघाशी लेन्सवर बोट आलं होतं."

"कुठला चढ?"

"हा, आत्ता चढलात तो. इथपासून, त्या कातळापर्यंत खाली जा. दहा मीटरच आहे."

1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ढोबळ हिशेब घालून दिला. आजच्या मापात तो असा: सपाटीला तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे दहा मीटरला एक मिनिट. त्या भल्या माणसाने घसारा, डोक्यावरचं ऊन आणि चित्रीकरण धरलेलं नव्हतं. मी नाहीच म्हणणार होतो. पण त्या मुलाच्या मागे एव्हाना आठ-दहा जण तुंबले होते आणि त्यातल्या एका बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "जा काका, जा!" टाळ्यांपुढे माणसाचं काही चालत नाही. मी उतरलो. मुरमावरून दोनदा घसरलो. परत चढलो.

तो मोबाईलमध्ये बघून हळहळला. "काका, मघाशी छान दमला होतात. आता तेवढं येत नाहीये. जरा जास्त दमून दाखवता?"

गंमत बाजूला ठेवतो. वाट दीड हात रुंदीची. हा मधोमध उभा. मागचे लोक कंटाळून कडेच्या गवतातून वळसा घालायला लागले. धारांवरच्या वाटा अशाच रुंदावतात. माती आधीच पातळ, गवत तुडवलं गेलं की पुढच्या पावसात तिथून ओघळ धरतो, मग लोक त्याच्याही बाहेरून चालतात. शिवाय तो वळसा दरीच्या बाजूने होता. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी हा डोंगरातला जुना संकेत आहे. चढणाऱ्याचं शूटिंग करणाऱ्याला द्यावी असं मी कुठे ऐकलेलं नाही. हे मी त्याला सांगितलंसुद्धा, चांगल्या चढ्या आवाजात. तो म्हणाला, "एकदम नॅचरल आलं काका, हे ठेवू या."

खरं शिखर मी त्याच्या आधी गाठलं आणि उतरलोही त्याच्या आधी, स्वतःच्या पायांनी, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसकट. त्यातलं व्हिडिओत काही नाही. काल आतेभावाने पाठवला. मागे ढोलताशा. मी तोंड उघडं टाकून धापा टाकतोय आणि वर जाड अक्षरांत: 'वय 65. जिद्द 25.' मी वाटेबद्दल बोललो तो भाग आवाज काढून, हळू गतीत लावलाय. त्यात मी आशीर्वाद दिल्यासारखा दिसतो. खाली शेकडो जोडलेले हात. एका बाईंनी काळजीने विचारलंय, "काकांना खाली कसं आणलं?"

उत्तरादाखल त्याने नुसता बदाम टाकलाय.