पॅनेल गेलं, पंप राहिला

मुंबईत सोसायटीच्या पूलचं ऑटोमेशन पॅनेल (पंप आणि औषधं आपोआप चालवणारा बोर्ड) जायला वेगळं कारण लागत नाही, पावसाळा पुरतो. पोडियमखालची दमट पंप रूम, खारी हवा, बोर्डाच्या उबेला आलेली पाल. स्क्रीन काळी पडते आणि एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, सांगतो, ‘बोर्ड बाहेरून मागवावं लागेल.’ बाहेरून म्हणजे भिवंडीहून की परदेशातून, हे शेवटपर्यंत कळत नाही. पाणी मात्र हिरवं व्हायला कोणाच्या कोटेशनची वाट बघत नाही.

माझं ठाम मत आहे की पंपाला अक्कल लागत नाही, वीज लागते. दीड हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप आठ-नऊ अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. पॅनेल येईपर्यंत परवानाधारक वायरमनकडून डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणारा हिरव्या-लाल बटणांचा डबा, बसवून घ्यावा. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) नेमप्लेटवरच्या आकड्याला लावलेला, मागे १६ अँपिअरचा, मोटरच्या सुरुवातीचा झटका सोसणारा सी-कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. ‘सारखा ट्रिप होतो, काढून टाका’ म्हणणारा सभासद प्रत्येक कमिटीत असतो. आरसीसीबी काढल्यावर पहिली उडी त्यालाच मारू द्यावी.

वेळेसाठी पिनांचा २४ तासांचा टायमर, एक पिन म्हणजे १५ मिनिटं. त्यावर लिहिलेले १६ अँपिअर गिझरसारख्या लोडसाठी असतात. मोटर थेट जोडली की पॉइंट चिकटतात आणि पंप रात्रभर चालतो. टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे स्टार्टरमधल्या मोठ्या विद्युत स्विचची, कॉइल ओढायची. त्यातही गंमत आहे: पुश-बटणाच्या स्टार्टरला टायमर नुसता सिरीजमध्ये टाकला, तर पंप वेळेवर बंद होतो आणि आपणहून चालू कधीच होत नाही. ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर, म्हणजे टायमरवर की बटणावर हे निवडायचा स्विच, हवाच. बॅटरी नसलेला टायमर तर दोन तास लाईट गेली की सकाळी सहाचा पंप आठला सुरू करतो.

तास किती? १० बाय ५ मीटर, सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे ६०,००० लिटर. पंप तासाला १५,००० लिटर देत असेल तर चार तासांत एक फेरी, म्हणजे सगळं पाणी एकदा फिल्टरमधून. दिवसाला दोन फेऱ्या धरा.

पॅनेलची खरी उणीव भासते ती डोसिंगला, म्हणजे पाण्यात औषधं सोडायला. मुख्य पंप बंद असताना क्लोरीन आणि ॲसिडचे छोटे पंप चालू राहिले, तर दोघांची पाइपात गाठ पडते, क्लोरीन वायू तयार होतो आणि पंप सुरू होताच थेट पोहणाऱ्यांच्या नाकाशी येतो. कॉन्टॅक्टर ओढला म्हणजे पाणी वाहतंयच असं नाही, त्यामुळे फ्लो स्विचचं इंटरलॉक (पाणी वाहत असेल तरच डोसिंग चालू देणारी जोडणी) पुन्हा जोडेपर्यंत दोन्ही छोट्या पंपांचे प्लग काढून ठेवावेत. क्लोरीन रात्री, पूल रिकामा झाल्यावर हाताने द्यावं आणि सकाळी किटने क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) बघूनच फाटक उघडावं.

उरलेलं काम वॉचमनच्या गळ्यात पडतं. पंपापुढच्या जाळीच्या भांड्यात पाणी भरा, ओ-रिंग (झाकणाचं रबरी कडं) पुसून झाकण घट्ट करा, सक्शनचा, म्हणजे पूलकडून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा, मग हिरवं बटण, आणि फिल्टरवरची हवा सोडा. मिनिटभरात पाणी धरलं नाही तर लाल बटण, नाहीतर सील जळतं. गेजचा काटा स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं. मल्टिपोर्टचं, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं, हँडल पंप चालू असताना फिरवायचं नाही, हे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत पंपाशेजारी चिकटवावं. इंग्रजीत लिहिलेलं फक्त कमिटी वाचते, आणि कमिटी पंप रूममध्ये उतरत नाही.