रुपया पडला की शेतकऱ्याचा फायदा होतो, तर तो फायदा अडतो कुठे?

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. तेव्हापासून एक वाक्य इतक्यांदा कानावर येतंय की आता राग येतो: "रुपया पडला तर बिघडलं कुठे? निर्यात वाढेल, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील." टीव्हीवरच्या चर्चेत हेच, लग्नाच्या पंगतीत हेच. मी निफाड तालुक्यातला. घरी आजही कांदा आणि द्राक्ष आहे, भाऊ शेती बघतो. म्हणून यावर सविस्तर लिहायचं ठरवलं.

गणित चूक नाही, हे आधी सांगतो. समजा दुबईच्या व्यापाऱ्याने कांद्याला टनाला ४०० डॉलर दिले. डॉलर ८३ रुपयांना असताना त्याचे ३३,२०० रुपये होतात, ९० ला ३६,०००. म्हणजे किलोमागे २ रुपये ८० पैसे जास्त. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण कांद्याच्या कित्येक हंगामांत खर्च निघणं आणि न निघणं यांत एवढंच अंतर असतं.

आता हे पावणेतीन रुपये लासलगावच्या लिलावापर्यंत येतात का, ते बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं गेलं, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवायचाच नाही. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. या सगळ्या काळात डॉलर ८२-८३ वरून ८५-८६ पर्यंत चढला. पुस्तकाप्रमाणे कांदा उत्पादकाला हा काळ बरा जायला हवा होता. प्रत्यक्षात पुढे डॉलर होता, मागे कांदा होता, आणि मधलं फाटक दिल्लीने लावून घेतलं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. रुपया एकटा पडत नाही. आखातात आणि मलेशियात आपल्या कांद्याची गाठ पाकिस्तानच्या कांद्याशी असते. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण १७७ असलेला पाकिस्तानी रुपया २०२३ अखेर २८० च्या आसपास गेला होता. त्यांचा माल डॉलरमध्ये आपोआप स्वस्त झाला आणि नेमकं तेव्हाच आपण दुकान बंद केलं. गिऱ्हाईक तिकडे गेलं. गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला किती दिवस लागतात ते निर्यात करणाऱ्या कोणालाही विचारा. बांगलादेश तर आपलं गिऱ्हाईक, तिथे उलटं झालं. त्यांचा टका २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ होता, तो १२० च्या पुढे घसरला. आपल्या रुपयापेक्षा जास्त वेगाने. म्हणजे ढाक्याच्या बाजारात आपला माल महागच झाला. त्यात त्यांनी संत्र्यावरचा आयात कर वाढवत नेला, आणि वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांचा हक्काचा बाजार आकसला. संत्रा पिकवणाऱ्या माणसाने टक्याचा भाव बघून ठेवावा, असं त्याला कधी कोणी सांगितलं होतं?

सोयाबीन आणि कापसाचं दुखणं वेगळं. हा माल बाहेर पाठवला नाही तरी रुपया पडल्याचा फायदा व्हायला हवा, कारण बाहेरून येणारं तेल आणि बाहेरून येणारी रुई महाग होते आणि इथल्या मालाला उठाव मिळतो. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल आपण आणतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला, तेव्हा लातूरकडच्या लोकांना थोडी आशा वाटली. तरी सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. आणि मे २०२५ च्या अखेरीला, ऐन पेरणीच्या तोंडावर, हा कर साडेसोळावर आणला.

कापसाचं तर मला अजून पचलेलं नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला. त्याला मदत करायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण ती कोणाच्या खिशातून केली? कापसावरचा ११ टक्के आयात कर आधी सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केला आणि मग ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यात कापूस घरात येण्याचे हेच महिने. रुपया पडल्यामुळे जे काही थोडं संरक्षण मिळालं असतं, ते कर काढून घालवलं.

खर्चाच्या बाजूला मात्र असं कुठलंच फाटक नसतं. खतांचंच बघा. पोटॅश आपल्याकडे जवळपास सगळं बाहेरून येतं. डीएपी एकतर तयार येतं, नाहीतर त्याचा कच्चा माल येतो. डीएपीची बॅग सरकारने अनुदान देऊन १,३५० वर धरून ठेवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण द्राक्षाला ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं बहुतेक बाहेरची, त्यांना अनुदानाचा आधार जवळपास नाही. फवारणीच्या औषधांचंही तेच. दुकानदार सरळ सांगतो, "डॉलर वाढला, दादा." भाऊ पैसे देतो आणि बॅगा उचलतो. डॉलर उतरला म्हणून दर उतरल्याचं त्याच दुकानात मी तरी ऐकलेलं नाही.

डिझेलचंही बघा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतं, म्हणून रुपया पडला की भाववाढ अटळ, हे आपल्याला पाठ झालंय. पण तेल स्वस्त झालं तर भाव उतरतो का? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालं होतं. तेव्हा मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई आली, पण ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत आली नाही.

रुपया पडल्याचा फायदा घरापर्यंत पोचलेला मी एकाच ठिकाणी पाहिलाय. कोकणात. खेड, दापोली, श्रीवर्धनकडची कितीतरी घरं आखातातल्या पगारावर चालतात. दुबईचं चलन दिरहम डॉलरला बांधलेलं आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम, वर्षानुवर्षं तेवढेच. डॉलर ८३ वर असताना २,००० दिरहम पाठवले की घरी ४५ हजारांच्या आसपास यायचे, ९० ला ४९ हजार येतात. तिकडे उन्हात राबणाऱ्या माणसाच्या आईच्या खात्यात हे पैसे थेट जमा होतात, कारण मध्ये कर लावणारं किंवा निर्यात थांबवणारं कोणी नाही. घर चालवताना तेल, गॅस, औषधं महागलेली असतात, त्यात यातले काही जातात. तरी काहीतरी हातात उरतं. म्हणजे फायदा पोचू शकतो!

आणि ज्यांच्या वाट्याला फक्त तोटा येतो, अशांत परदेशी शिकायला गेलेल्या मुलांची घरं येतात. आमच्याकडे आता बागाईतदारांची मुलंही अमेरिकेला जातात, जमीन किंवा घर तारण ठेवून. कर्ज मंजूर होतं रुपयांत, फी भरायची डॉलरमध्ये. वर्षाला ४०,००० डॉलर फी असेल तर ८४ च्या दराने ३३ लाख ६० हजार, ९० ने ३६ लाख. मधले २ लाख ४० हजार कुठून आणायचे? बँक मंजूर रकमेपलीकडे सहजी देत नाही. मग सोनं मोडतं, नाहीतर पतसंस्थेत जावं लागतं. मुलाला तिकडे नोकरी लागली तर डॉलरमधल्या पगारातून हप्ता हलका जातो, खरं आहे. नोकरी न लागता परत यावं लागलं तर? ज्यांच्या घरात सध्या हे चाललंय त्यांना हात जोडून सांगतो, कर्जाची रक्कम आजच्या दरावर ठरवू नका. १०-१५ टक्के वरची गरज धरूनच अर्ज करा.

शहरातल्या गरिबाला कांदा आणि तेल परवडलं पाहिजे, यावर माझा वाद नाही. परवडावं म्हणून सरकारने बाजारभावाने विकत घ्यावं आणि रेशनवर स्वस्त द्यावं, त्याचा खर्च तिजोरीतून व्हावा. तो पिकवणाऱ्याकडून परस्पर वसूल करू नये. रुपया कुठे जाईल ते रिझर्व्ह बँकेच्याही पूर्ण हातात नसतं, ती डॉलर विकून घसरण सावकाश करू शकते इतकंच. पण आयात कर आणि निर्यात बंदी हे निर्णय पूर्णपणे दिल्लीच्या हातातले आहेत. माझी मागणी एवढीच आहे: जूनमध्ये पेरताना जे कर असतील ते मार्चपर्यंत, माल विकून होईपर्यंत, हलवू नका. बदलायचे असतील तर पेरणीच्या आधी सांगा, म्हणजे काय पेरायचं ते आम्ही ठरवू. यापुढे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी हे विचारणार आहे, आणि तुम्हीही विचारा.