कांद्यावरची काजळी आणि नाकातली बुरशी

2021 च्या मे महिन्यात फिरलेला एक मेसेज परवा आत्याने मला पुन्हा पाठवला. आशय असा: कांद्याच्या सालीवरचा काळा थर हीच ती 'काळी बुरशी', फ्रिजच्या दाराच्या रबरावर जमते तीही तीच, आणि फ्रिजमधल्या अन्नावाटे ती शरीरात शिरते. खाली कुणीतरी उपायही जोडला होता: तुरटी, हळद, सैंधव आणि मोहरीचं तेल. आत्याने रबर घासून लख्ख केलं, कांदा बंद केला. तिला मधुमेह आहे. शेवटची शुगर कधी तपासली, हे मात्र तिला आठवेना.

आधी कांदा. सोलताना बोटांना लागते ती काजळीसारखी पूड म्हणजे ॲस्परजिलस नायजर ही बुरशी. उबदार, दमट जागी साठवलेल्या कांद्यावर ती धरतेच. बातम्यांत 'काळी बुरशी' म्हणून गाजलेला आजार म्हणजे म्युकरमायकोसिस, आणि तो करणाऱ्या बुरशी वेगळ्या कुळातल्या, म्युकोरेलीस गणातल्या. त्यांत सर्वांत जास्त सापडते ती रायझोपस. काजळी असेल तर वरचे पापुद्रे काढून कांदा धुवा, सडला असेल तर टाकून द्या. एवढंच. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी: ॲस्परजिलस घराणं अगदीच निरुपद्रवी नाही. त्यातल्या फ्लेवस आणि फ्युमिगेटस या बुरशी सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत आणि मेंदूत शिरू शकतात. पण त्या येतात श्वासावाटे, आणि कांदा सोडला म्हणून टळत नाहीत.

फ्रिजचं रबर दोन ओळींत संपतं. तिथे ओल आणि थंडी सोसणाऱ्या वेगळ्या बुरशी वाढतात, क्लॅडोस्पोरियमसारख्या. रायझोपसला ऊब लागते. रबर पुसावं, ते स्वच्छतेसाठी.

खरा घोळ 'काळी' या शब्दाने केला. आजारी माणसाच्या नाकातला तुकडा काढून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर दिसतात रुंद, फितीसारखे तंतू. मध्ये पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या बऱ्याचदा काटकोनात फुटलेल्या. आणि रंग? नाहीच, तंतू पारदर्शक असतात. प्रयोगशाळेतल्या बशीत हीच बुरशी पिंजलेल्या कापसासारखी पांढरी उगवते आणि मग करडी होत जाते. मग काळं काय असतं? आपलंच मांस. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. ज्यांच्या पेशीभित्तिकेतच काळं रंगद्रव्य असतं अशा खऱ्या काळ्या बुरशी निराळ्याच आहेत. त्यांतली एक, क्लॅडोफियालोफोरा बॅन्शियाना, मेंदूत गळू करते, पण मेसेजवाल्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच सुमारास पांढरी आणि पिवळी बुरशीही बातम्यांत आली होती. रंगावरून आजार ओळखायचा हा प्रकार माझ्या मते निव्वळ गोंधळ वाढवणारा होता.

आता 'अन्नातून शिरते' हे. या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजक्या पाल्यात आणि हवेत असतातच. तुम्ही-आम्ही ते रोज नाकात ओढतो आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी ते निकालात काढतात. पोटातला म्युकरमायकोसिस असतो, नाही असं नाही; पण तो विरळा, आणि दिसतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांत किंवा फार खंगलेल्या रुग्णांत. नाक-डोळा-मेंदूचा प्रकार श्वासावाटेच सुरू होतो. तो एका माणसापासून दुसऱ्याला लागतही नाही.

बीजाणू सगळ्यांच्याच नाकात जातात, तर आजार मोजक्यांनाच का? कारण शुगर हाताबाहेर गेली की पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात कीटोॲसिडोसिस झाला, म्हणजे रक्तातलं आम्ल वाढलं, की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं. रायझोपसला वाढायला नेमकं तेच हवं असतं. वर स्टिरॉइडचा मारा झाला तर शुगर आणखी चढते आणि प्रतिकारशक्तीही दबते. कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये, भारतातल्या 16 रुग्णालयांनी मिळून म्युकरच्या 287 रुग्णांची पाहणी केली. त्यांतले 187 कोविडशी निगडित होते. सर्वांत जास्त आढळलेला मूळ आजार होता अनियंत्रित मधुमेह, आणि रक्तातला ऑक्सिजन घटणं व स्टिरॉइडचा चुकीचा वापर यांचा या आजाराशी संबंध दिसला. दुसऱ्या लाटेनंतर, जुलै 2021 पर्यंत, देशभरातल्या रुग्णांचा आकडा 45 हजारांवर गेला. कांदे काय, 2019 मध्येही काजळलेले होतेच!

तुरटी-हळदीबद्दल मात्र मला हसू येत नाही, कारण इथे दिवस वाया जातात. सायनस आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं. ते ओलांडलं की खोबणीच्या टोकातून मेंदूकडची वाट उघडी. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि शिरेतून ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध. दोन्ही लागतात, कारण मेलेल्या भागात रक्तच जात नाही, तर औषध कुठून जाणार? म्हणून सर्जन मेलेला भाग कापत जातात, ताजं लाल रक्त येईपर्यंत. ॲस्परजिलसवर वापरतात ते व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. त्यामुळे बुरशी नेमकी कोणती हे बायोप्सीने ठरवणं महत्त्वाचं, आणि उपचार मात्र संशय येताच सुरू करायचे.

आत्याला मी रबराबद्दल काही बोललो नाही, स्वच्छ झालं ते बरंच झालं. शुगर तपासायला सांगितली आणि लक्षात ठेवायला एवढं सांगितलं: चेहऱ्याची एकच बाजू दुखणं किंवा सुजणं, गालाला मुंग्या येणं किंवा तो बधिर होणं, नाकातून रक्ताळलेला किंवा काळपट स्राव, वरचे दात अचानक हलू लागणं, पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. ताप असेलच असं नाही. आणि टाळूवर काळा डाग दिसतो का, याची वाट पाहायची नाही. डॉक्टर दुर्बिणीतून बघतात तेव्हा सुरुवातीला नाकातली ती जागा बऱ्याचदा नुसती फिकट पडलेली असते.