साहेबाच्या चित्रांवरचा तो मेसेज आणि माझं भिंग

वेंगुर्ल्यात माझं फ्रेमचं दुकान आहे. पूर्वी देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि शाळेची प्रशस्तिपत्रं यायची. किनाऱ्यावर होमस्टे वाढले तसं नवीन काम सुरू झालं: जुनी, परदेशी पक्ष्याफुलांची चित्रं. मकाव, कोकाटू, ट्युलिप, ऑर्किड. ओटीवर, जेवणघरात, एकाने तर न्हाणीघरातसुद्धा लावली. (तिथे लावू नका. दोन पावसाळ्यांत बुरशी धरते.)

या चित्रांबरोबर एक मेसेजही फिरतोय. महिनाभरात तीन गिऱ्हाइकांनी आणि एका भाच्याने मला तो पाठवला. मजकूर साधारण असा: कॅमेरा नव्हता तेव्हा गोरे साहेब रानात तासन्‌तास बसून, जिवंत पक्षी पाहून ही चित्रं काढत, म्हणून ती फोटोइतकी खरी आहेत, निसर्ग इतक्या बारकाईने पाहायची नजर आपल्या लोकांकडे नव्हतीच, आज फोटो आल्यामुळे ती नुसती शोभेची उरली, तरी असा जुना कागद कुठे दिसला तर सोडू नका, लाखांचा माल आहे.

तीस वर्षं काच कापताना आणि भिंग लावून कागद बघताना या चित्रांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्या जोरावर लिहितो.

आधी ते रानात बसणं. सगळ्यांत गाजलेला, अमेरिकेतल्या पक्ष्यांची चित्रं काढणारा ऑड्युबॉन रानात हिंडला, यात शंका नाही. पण बंदूक घेऊन. पक्षी मारायचा, तारा घालून हव्या त्या ऐटीत उभा करायचा आणि मग कागदावर घ्यायचा, अशी त्याची रीत. बाकीच्या बऱ्याच जणांचं काम तर जहाजातून आलेल्या सुक्या कातड्यांवर चालायचं. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीअभ्यासकाने १८३० च्या सुमारास हिमालयातल्या पक्ष्यांचा मोठा चित्रग्रंथ काढला तेव्हा त्याने हिमालय पाहिलेलाही नव्हता; कातडी लंडनला आली होती. त्यातले पक्षी छपाईच्या दगडावर उतरवले ते त्याची बायको एलिझाबेथ हिने. पक्षी मेला की डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग उडतो. तिथे अंदाजच करावा लागायचा.

अंदाज कुठवर जातो ते स्वर्गपक्ष्यावरून कळतं. न्यू गिनीकडचे शिकारी त्याची कातडी तयार करताना पाय कापून टाकत. मॅगेलनच्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज १५२२ मध्ये स्पेनला परतलं, त्यात अशी कातडी होती. पाय नाहीत म्हणजे हा पक्षी जमिनीवर उतरतच नसणार, असा तिकडे समज झाला आणि चित्रंही बिनपायांची निघाली. १७५८ मध्ये लिनिअसने, म्हणजे सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची रीत घालून देणाऱ्या शास्त्रज्ञाने, त्याच्या एका जातीला नाव दिलं ‘अपोडा’, म्हणजे बिनपायाचा. तेच नाव आजही चालू आहे.

तेव्हा ‘फोटोइतकी खरी’ हे जपून बोलावं. ऑड्युबॉनला प्रत्येक पक्षी जिवंत असतो तेवढा मोठा दाखवायचा होता. पान सव्वातीन फूट उंच असूनही रोहित पक्षी त्यात मावेना, म्हणून त्याची मान खाली वाकवली. शिवाय ताम्रपटावरून, म्हणजे चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून, छापली जायची ती बहुतेक नुसती काळी रेघ. रंग नंतर हाताने भरायचे, समोर एक नमुना ठेवून, आणि हे काम करणारी माणसं मजुरीवर बसलेली असत. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच पोपटाचा हिरवा वेगळा निघतो. मग फोटोइतकी खरी नेमकी कुठली प्रत?

आता ‘आपल्या लोकांकडे नजर नव्हती’. हे वाक्य वाचून मी हातातला डिंक खाली ठेवला.

इम्पी बाईंच्या संग्रहापासून सुरुवात करू. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश इम्पी, त्यांची ही बायको. बाईंनी बागेत पक्षी-प्राणी पाळले होते आणि १७७७ ते १७८२ या काळात त्यांची तीनशेच्या वर चित्रं काढून घेतली. काढली कोणी? शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास, तिघेही पाटण्याकडचे. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेली चित्रं हवीत तर ती ही, आणि ती साहेबाच्या हातची नाहीत. तरी संग्रह ओळखला जातो बाईंच्या नावाने.

त्याच्याही मागे जा. जहांगीर बादशहाने आपला सरदार मुकर्रब खान याला नवलाईच्या वस्तू आणायला पाठवलं ते आपल्या शेजारी, गोव्याला. १६१२ मध्ये तो पोर्तुगीजांकडून जे काही घेऊन आला त्यात टर्की कोंबडा होता. अमेरिकेतला पक्षी, गोव्यामार्गे आग्र्याला! बादशहाने आत्मचरित्रात लिहिलंय की बाबराने प्राण्यांची वर्णनं केली पण चित्रं काढवली नाहीत, आपण मात्र दोन्ही केलं. त्या कोंबड्याचं, दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरच्या हातचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याखालच्या लोंबत्या कातडीची सुरकुती न सुरकुती त्यात दिसते. ऑड्युबॉन जन्मायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

आणि आपल्या किनाऱ्याचं म्हणाल तर ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापवलेले, मलबारच्या वनस्पतींवरचे बारा खंड. वनस्पतींची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने, आणि तीन कोंकणी ब्राह्मणांनी: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून खाली गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांचं कोंकणीतलं निवेदन नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलं आहे. चित्रांवर लॅटिन, मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही झाडाचं नाव आहे, आणि पहिला मान माडाला! चित्रं काढणारे बहुतेक युरोपीय होते, ते मान्य. पण कुठलं झाड, कुठलं फूल, कुठल्या दुखण्यावर काय, हे त्यांना कोणी सांगितलं? त्याच डचांची पडकी वखार माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पुण्याजवळ दापोडीला ईस्ट इंडिया कंपनीची बाग होती, डॉ. गिब्सन तिचे अधीक्षक. १८४७ ते १८५० मध्ये त्यांनी झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. ती सध्या एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता. गिब्सनचं नाव राहिलं, त्याचं राहिलं नाही. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे चितारीही असेच, पत्त्यावर सही नाही. तोळाभर रंगात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार काढणाऱ्यांना बारकाईची नजर नव्हती म्हणे!

चित्रं नुसती शोभेची उरली, हे तर चातकाला सांगा. मिरगाच्या आसपास आपण ज्याची वाट बघतो त्या चातकाचं शास्त्रीय नाव एका चित्रावर उभं आहे. पॅरिसला मार्तिने या चित्रकाराने काढलेल्या हजारावर रंगीत चित्रांत कोरोमंडल किनाऱ्यावरचा एक चातक होता. १७८३ मध्ये बोडार्ट या डच अभ्यासकाने त्या चित्रावरून नाव दिलं. ‘हॉर्टस’मधल्या चित्रांवरूनही लिनिअसने कितीतरी नावं बांधली. नावाचा वाद निघाला की अभ्यासक आजही ती पानं उघडतात. फोटो एका क्षणाचा असतो. कळलावीचं चांगलं चित्र एका कागदावर कळी, फूल, फळ, बी, कंद आणि पानाचं ते वेलाला आधार धरणारं वळलेलं टोक दाखवतं. रानात एका दिवशी हे सगळं मिळायचं नाही.

राहिला लाखांचा माल. ऑड्युबॉनच्या ४३५ चित्रांचा पूर्ण संच २०१० मध्ये लंडनला लिलावात त्र्याहत्तर लाख पौंडांना गेला. मेसेजवाल्याच्या कानावर तेच आलं असणार. गेल्या महिन्यात होमस्टेवाल्या एक वहिनी ऑनलाइन घेतलेला स्वर्गपक्षी घेऊन आल्या. सात हजार मोजलेले. “भाऊ, ह्यां अस्सल आसा मां?” भिंग लावलं. पंखात लाल, पिवळ्या, निळ्या ठिपक्यांची जाळी. हाताने भरलेल्या रंगात असे ठिपके नसतात. कुंचला कधी रेघेबाहेर जातो, कधी आत थांबतो. ताम्रपटाचा छाप असेल तर कडेने दबलेली चौकटही बोटाला लागते. (दगडावरून छापलेल्या चित्राला ती नसते, त्यामुळे तेवढ्यावर खोटं ठरवू नका.) पिवळा कागद काही सांगत नाही, चहाच्या पाण्यानेही होतो.

वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, लावतलंय मी ह्यांच, पण पाठी ‘नवी छापील प्रत’ म्हणून लिवन दी. लिहून दिलं. जाताना त्यांनी विचारलं, त्या नागरी अक्षरांतलो माड मेळात काय? त्या खंडांची पानं इंटरनेटवर फुकट बघता येतात. परवा कुडाळहून चांगल्या कागदावर छापून आणलाय. चौकट सागाची करायची की फणसाची, तेवढं वहिनींनी कळवायचं बाकी आहे.